स्वच्छ तारीख

ताईला ऑफिसात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली गेली. फोटोच्या खालची दोन बोटं रुंद पट्टी कापायची. का, ते तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. नव्या सुनेला ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून सांगतात तसं सांगितलं, आणि तिने सहा वर्षं तसंच केलं.

ऑफिस इमारतींच्या सुरक्षा-तपासणीचं. दुकानं, गोदामं, कारखाने, कचेऱ्या, अशा धंद्याच्या इमारतींची दरवर्षी तपासणी व्हावी असा कायदा होता, आणि ती करून अग्निशमन खात्याला रिपोर्ट द्यायचा परवाना सरांकडे होता. सर म्हणजे ऑफिसचे मालक. पूर्वी ते स्वतः जायचे, जिने चढायचे, गच्चीवरच्या टाकीत डोकावायचे आणि घामाघूम होऊन परत यायचे. मग त्यांना ऑनलाइन नकाशा सापडला. कुठलीशी गाडी डोक्यावर कॅमेरा लावून गल्लीबोळातून फिरून गेलेली असते, आणि आपण खुर्चीत बसून त्याच गल्लीत उभं राहतो. त्या दिवसापासून सरांचं पोट सुटलं आणि पाय सुटले.

ताई दिवसाला चाळीस इमारती करायची. पत्ता टाकायचा, नकाशातला छोटा पिवळा बाहुला उचलून रस्त्यावर सोडायचा, त्याची मान फिरवायची. पुढची बाजू, डावी, उजवी, मागची. चित्र टिपायचं, दोन बोटं कापायची, फाइलीत टाकायचं. शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ त्या चित्राखाली ओळी भरायचा, म्हणून त्याला सगळे ‘मजकूर’ म्हणत. मजकूरची प्रत्येक ओळ त्याच शब्दांनी सुरू व्हायची: ‘प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी असे आढळले की’. प्रत्यक्ष पाहणी. खुर्चीत बसून, चहा ढोसत, पंख्याखाली केलेली प्रत्यक्ष पाहणी. या दोन शब्दांना लाज असती तर ते कागदावरून उठून चालते झाले असते.

आणि त्या कापलेल्या दोन बोटांत काय असायचं? तारीख. ते चित्र कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात काढलं, ती तारीख.

नकाशात एकाच जागेची बरीच वर्षं साठवलेली असतात. ताज्या चित्रात मध्येच ट्रक आला, झाड आलं, तर एक वर्ष मागे जायचं. तिथेही अडचण असेल तर आणखी मागे. ज्या तारखेच्या चित्रात इमारत उघडी आणि नितळ दिसेल, तिला ऑफिसच्या भाषेत ‘स्वच्छ तारीख’ म्हणत. स्वच्छ तारीख शोधण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर पाहुण्यांसमोर तिची तारीफ करायचे, आणि ती मान खाली घालून हसायची.

एका संध्याकाळी जेवताना ताई धाकट्या बहिणीला सहज म्हणाली की आज तुझी इमारत माझ्याकडे आली होती. धाकटी तिच्याकडेच राहायची. दोन वर्षांपूर्वी ताईनेच ओळखीने तिला बॅगा शिवायच्या कारखान्यात चिकटवलं होतं. कारखाना तिसऱ्या मजल्यावर. पस्तीस बायका, पस्तीस मशिनी, भिंतीला टेकून ठेवलेले फोमचे गठ्ठे आणि चिकटवायच्या द्रावणाचा डोकं उठवणारा वास. धाकटी त्या पस्तीस जणींची मुकादम झाली होती आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा चांगली चालायची.

"मी दिसले का खिडकीत?" धाकटीने विचारलं.

"तू नाही दिसलीस. मागचा लोखंडी जिना दिसला. केवढा गंजलाय. मालकाला सांग, रंग दे म्हणून."

धाकटीचा घास हातात राहिला. "कुठला जिना?"

"मागच्या भिंतीचा."

"ताई, जास्त वेळ पडद्यासमोर बसत जाऊ नकोस. आमच्या मागच्या भिंतीला जिना नाही. एक दार आहे, त्याला कुलूप आहे. ते उघडून पाऊल टाकलं की माणूस थेट वर जातो." तिने घास तोंडात टाकला. "म्हणजे आधी खाली, मग वर."

आपल्या विनोदावर ती स्वतःच हसली. ताईला हसू आलं नाही. जिना तिने सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याच्या पायरीवर एक मांजरही बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. फाइल उघडली. जिना होता. तीन मजल्यांचा, नागमोडी, भिंतीला धरून वर गेलेला. खालून तिसऱ्या पायरीवर मांजर. मग धाकटी का खोटं बोलेल? तिला काय गरज? ताईच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चुकचुकली की ती पाल कुणालाच सोडत नाही.

पहिला संशय मजकूरवर. दुसऱ्या कुठल्या इमारतीचा जिना उचलून इथे चिकटवला असेल का याने? तिने चित्र मोठं केलं, जिन्याच्या कडा तपासल्या, विटांच्या रेषा जुळतात का ते पाहिलं. जुळत होत्या. मजकूर आला, डबा ठेवला, आणि ताई आपल्याकडे टक लावून बघतेय हे पाहून त्याने शर्टावर काही सांडलंय का ते चाचपलं. एवढ्या साध्या माणसाला जिने चिकटवायचं सुचणार नाही, असं ताईने ठरवलं, आणि अर्ध्या मिनिटात वाटलं की साधी माणसंच असलं करतात.

तिने त्या इमारतीच्या जुन्या फाइली काढल्या. गेल्या वर्षीचा रिपोर्ट: मागची बाजू, जिना, तिसऱ्या पायरीवर मांजर. त्याच्या आधीच्या दोन्ही वर्षांचे रिपोर्ट: जिना, मांजर. कालचं चित्र धरून सलग चार चित्रं. इतक्या वर्षांत मांजर हललं नाही, बसलेलं उठलं नाही, त्याची शेपटीसुद्धा दुसऱ्या बाजूला गेली नाही. खाली मजकूरची ओळ: ‘प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी असे आढळले की आपत्कालीन जिना वापरण्याजोगा आहे.’

गेल्या वर्षीच्या फाइलीत एक चिठ्ठी टाचलेली होती. खाली इमारतीच्या, म्हणजे कारखान्याच्याही मालकाची सही. ‘मागच्या बाजूचा फोटो आधीच्या वर्षीचाच घ्यावा ही विनंती.’ बाजूला हिरव्या शाईत बरोबरची खूण. ऑफिसात हिरवी शाई एकच माणूस वापरायचा.

 सापडला चोर, ताईला वाटलं. मालकाने जिना कापून विकला असणार आणि सरांनी त्यावर पांघरूण घातलं असणार. कुंपणच शेत खातंय. पण मग चिठ्ठीतलं ‘आधीच्या वर्षीचा’ हा फोटो पहिल्यांदा घेतला कुणी? तिने सगळ्यात जुनी, तीन वर्षांपूर्वीची फाइल परत उघडली आणि कोपऱ्यातला रकाना पाहिला. ‘चित्र टिपणार’ अशा त्या रकान्यात दोन अक्षरं होती. तिचीच सही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती खुर्चीत मागे टेकली. मग नकाशा उघडला, बाहुला त्या मागच्या गल्लीत सोडला, आणि तीन वर्षांपूर्वी काय झालं असेल ते सगळं तिच्यासमोर आलं. ताज्या चित्रात एक भलामोठा, चाकांवरचा निळा कंटेनर अर्धी गल्ली अडवून उभा होता. नकाशाची गाडी त्याला चाटून गेलेली, त्यामुळे भिंतीचं टिचभरही दिसत नव्हतं. साहजिकच ती एक पाऊल मागे गेली होती. आधीची तारीख. भिंत उघडी, जिना नितळ, मांजर निवांत. स्वच्छ तारीख. तिने चित्र टिपलं होतं, दोन बोटं कापली होती आणि पुढच्या इमारतीकडे गेली होती. कालही तिने हेच केलं होतं, डोळे उघडे ठेवून, झोपेत.

त्या दोन बोटांत लिहिलं होतं की हे चित्र पाच वर्षांपूर्वीचं आहे.

दुपारी डोकं दुखतंय असं सांगून ती बाहेर पडली. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती तिने टिपलेल्या एखाद्या इमारतीसमोर प्रत्यक्ष उभी राहणार होती. ती पुढून गेली नाही, मागच्या गल्लीत वळली. निळा कंटेनर तिथेच होता. तीच जागा, भिंतीपासून तेच अंतर. त्याचे टायर जमिनीत बसले होते, चाकांच्या फटीतून गवत उगवून गुडघ्याएवढं झालं होतं. ही गाडी जायला उभी नव्हती. ही उभी राहायलाच उभी केली होती.

 लपवायचं होतं, हे ताईला कळलं. पण गल्लीतून ये-जा करणाऱ्यापासून लपवायचं म्हटलं तर मान वर करून बघणाऱ्याला भिंत दिसतेच. हा आडोसा फक्त एका उंचीवरून, एका अंतरावरून, नकाशाच्या गाडीच्या डोळ्यातून बघणाऱ्यासाठी होता. ती गाडी कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं. म्हणून कंटेनर कायमचाच. आणि चित्रात आडोसा आला की एक बाई सवयीने मागची तारीख घेते, हे इमारतीच्या मालकाला कुणी सांगितलं? त्या बाईची सवय जगात किती जणांना ठाऊक होती?

धाकटी तिला बघून दारातच थबकली. कुणी गेलं की काय, असा तिचा चेहरा. ताईने सांगितलं, मागचं दार उघड. धाकटीने आधी हसण्यावारी नेलं, मग चावी मालकाकडे असते म्हणाली, मग ताईचा चेहरा पाहून टेबलाच्या खणातून चावी काढली. दारापर्यंत जायला फोमचे चार गठ्ठे बाजूला करावे लागले. मशिनी थांबल्या. पस्तीस जणी माना वळवून बघायला लागल्या.

कुलूप निघालं, दार उघडलं, आणि भसकन उजेड आत आला. उंबऱ्याच्या पुढे काही नव्हतं. भिंतीतून लोखंडाची चार टोकं बाहेर आली होती, करवतीने कापलेली. खाली खोल कंटेनरचं छत, त्यावर कुणाची तरी चप्पल पडलेली. एका बाईने ‘अगंबाई’ म्हटलं आणि मागे सरकली. दोन वर्षं ती त्या दाराकडे पाठ करून मशीन चालवत होती.

ताईने फोन काढला आणि फोटो घेतले. कापलेली टोकं, खालचं छत, फोमचे गठ्ठे, पुढचा एकुलता एक लाकडी जिना.

"ताई, काय करणार आहेस याचं?" धाकटीने हळू विचारलं.

"द्यायला पाहिजेत तिथे देणार."

"कारखाना बंद होईल. या सगळ्या माझ्याकडे बघतायत. तुला शहाणपण दाखवायला हीच इमारत मिळाली?"

ताईला बोलायचं खूप होतं. ती एवढंच म्हणाली की आज फोमचे गठ्ठे तरी पुढच्या जिन्यापासून लांब ठेव. धाकटीने तोंड फिरवलं. गठ्ठे मात्र हलवले.

ऑफिसात परत येऊन ती थेट सरांच्या खोलीत गेली. सरांनी चहा मागवला, बसा म्हणाले, डोकं कसं आहे विचारलं. तिने चार वर्षांचे चार फोटो टेबलावर मांडले आणि मांजराकडे बोट दाखवलं. सर हसले. नकाशातल्या चित्रात खोटं काय आहे, असं त्यांनी विचारलं. जिना होता तेव्हा जिना दिसला. आपण चित्रकार नाही, जे दिसतं ते देतो. शिवाय खात्यालाही ठाऊक आहे की हल्ली सगळे असंच करतात. चाळीस इमारती रोज, कोण चढणार जिने?

"ताज्या चित्रात तिथे एक गाडी आडवी आहे," ताई म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी मी त्या गाडीमुळेच मागची तारीख घेतली."

"अहो, ती काय कायमची आहे का? मालकाला सांगतो, टायर बदलून हलव म्हणून."



"टायरचं मी काही बोलले नव्हते, सर," ताई म्हणाली. "चित्रात टायर चांगले आहेत. बसलेत ते आता. बघायला तिथे जावं लागतं."

सरांनी कप बशीत ठेवला. मग त्यांचा आवाज बदलला. अहो-जाहो तेच राहिलं, पण त्याला धार आली. ते म्हणाले, फाइलीतला रकाना बघितलात ना? चित्र टिपणार म्हणून सही कुणाची आहे? तारीख कुणी कापली? चौकशी झालीच तर पहिलं नाव कुणाचं निघेल? तुमची बहीण तिथे आहे, तुमच्या काळजीपोटी मी तिला दुसरीकडे लावून देतो. उद्यापासून. गोष्ट इथेच मिटवा.

म्हणजे धाकटी वाचेल. बाकीच्या पस्तीस जणी त्या दाराकडे पाठ करून शिवत बसतील. ताईला क्षणभर मोह झाला, हे खोटं कशाला बोला. आपलं माणूस बाहेर काढायचं आणि कानावर हात ठेवायचे, असं करत करतच तर हे जग इथवर आलंय. पण तिला त्या ‘अगंबाई’ म्हणून मागे सरकलेल्या बाईची पाठ आठवली. त्या बाईचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

ती उठली. चहा तसाच राहिला.

दाराबाहेर मजकूर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ताईने टेबलाच्या खणातून डबा आणि छत्री घेतली, तेव्हा तो पुटपुटला, "ताई, मी नुसता लिहितो हो. मला काय माहीत."  सहा वर्षं तीही नुसतीच टिपत होती.

अग्निशमन खात्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाने आधी तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसऱ्याने पहिल्या. शेवटी एका अधिकाऱ्याने फोटो पाहिले आणि तो सरळ बसला. तक्रार कुणाच्या नावाने लिहू, त्याने विचारलं. ताईने कागद मागून घेतला आणि स्वतःच लिहिलं. जुनं चित्र मी टिपलं, तारीख मी कापली, तशी पद्धत होती, ती पद्धत कुणाची ते पुढे लिहिते. अधिकारी वाचून म्हणाला, बाई, यात तुम्हीही अडकाल. ती म्हणाली, अडकू दे. मग पुढचं पान भरलं, चिठ्ठी आणि हिरव्या शाईसकट.

तिसरा मजला दुसऱ्याच दिवशी बंद झाला. दाराला खात्याचं सील लागलं. पस्तीस बायका घरी बसल्या, त्यातल्या काही ताईच्या दारात येऊन सुनावून गेल्या. कुणी म्हणालं, आम्ही मेलो असतो तर आमचं आम्ही बघितलं असतं. धाकटी अकरा दिवस तिच्याशी शब्द बोलली नाही. ताट असं आदळायची की वाटी उडायची. बाराव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"तुझ्या एका फोटोने पस्तीस जणी घरी बसवल्या."

"माझ्या एका फोटोने पस्तीस जणी तीन वर्षं त्या दाराशी बसवल्या होत्या," ताई म्हणाली. "आधी त्याचं भांड, मग याचं."

धाकटी भांडली नाही. ती ताट घेऊन उठली, आणि या वेळी वाटी उडाली नाही.

सरांची चौकशी लागली. चौकशी म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ती खुर्चीत बसूनच होते, आणि सर खुर्चीतून हलले नाहीत. परवाना तात्पुरता थांबला, सुरू झाला, ताईच्या जागी दुसरी कुणी आली. ताईचे जबाब दोनदा झाले, तिसऱ्यांदा बोलावणार आहेत. सरांच्या खोलीत पंखा फिरतो आहे, हे मजकूरने तिला बाजारात नजर चुकवत सांगितलं.

पण मालकाने जिना लावल्याशिवाय सील निघणार नव्हतं, आणि शहरातल्या पस्तीस घरांतून पस्तीस बायका रोज त्याला फोन करत होत्या, धाकटीने लावून दिल्याप्रमाणे. दोन महिन्यांनी जिना लागला आणि सील निघालं. त्या दुपारी धाकटीचा ताईला फोन आला.

"चौपन्न पायऱ्या आहेत. मी मोजल्या. तू येऊन मोज, नाहीतर तुला झोप यायची नाही."

ताई गेली. कंटेनर नव्हता, त्याच्या जागी वाळलेल्या गवताचा चौकोन होता. ती खालून चढायला लागली. प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा, मग टाच आपटून बघायची. कठडा दोन्ही हातांनी ओढायची. जोडाला जोड जिथे लागतो तिथे वाकून बोट फिरवायची. वर दारात धाकटी कमरेवर हात ठेवून उभी, मागे बायकांचा घोळका. कुणीतरी म्हणालं, या पोचेपर्यंत आमची सुट्टी व्हायची. कुणीतरी तिच्यासाठी पाणी आणलं.

एकोणिसाव्या पायरीचा नट सैल निघाला. ताईने तो बोटाने फिरवून सगळ्यांना दाखवला. खालचा कारागीर शिव्या देत पाना घेऊन वर आला आणि तिच्यादेखत आवळून गेला.

चौपन्नावी पायरी चढून ती दारात आली. दम लागला होता. तिने दाराची कडी पाहिली. कडीत कुलूप लटकत होतं, उघडं, पण होतं.

"हे कशाला?"

"मालकाने ठेवलंय," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी लावायला. चोर येतात म्हणतो."

"आणि सकाळी काढायला कोण येतं?"

 ताईने कुलूप कडीतून काढलं, चावी मागितली, दोन्ही पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन लावली.

"अगं, तो विचारेल."

"विचारू दे. म्हणावं, ताईने नेलं." ती वळून एक पायरी उतरली, थांबली, टाच आपटून पाहिली. "आतून बोटाने उघडेल अशी कडी बसवून घे. उद्या मी बघायला येते."